कंटेनरमधलं /डेव्ह : टाक आणि देवी

मंडळी, इथल्या चारठाण्याच्या जुन्या मंदिरांचे फोटो जपायला एका संगणकावर लिनक्सचा कंटेनर केलाय, असं समजा. रात्री नक्कल होता होता थांबते. निरोप येतो, ‘जागा शिल्लक नाही’. डिस्क पाहावी तर निम्मी रिकामी! मग पोरं जुने फोटो पुसायला बसतात. पुसू नका. आधी /डेव्ह बघा.

देव्हाऱ्यात तुळजाभवानीचा टाक असतो. देवी तुळजापुरात; टाक ही तिची खूण. /डेव्ह/नल ही तशीच खूण आहे. कर्नल नाव बघत नाही, खुणेवरचा प्रकार आणि आकडे बघतो: १ आणि ३. पद आणि पदार्थ वेगळे, हे नैयायिक कधीपासून सांगतात.

साध्या, म्हणजे विशेषाधिकार नसलेल्या कंटेनरला असे टाक स्वतः घडवता येत नाहीत. ‘एमकेनॉड’ नाकारलं जातं. म्हणून /डेव्हवर छोटा टीएमपीएफएस चढवतात, त्यात ‘नल’ नावाची रिकामी फाइल ठेवतात आणि यजमान संगणकाचा खरा टाक तिच्यावर बाइंड-माउंट करतात. रिकामी फाइल म्हणजे नुसता पाट. माउंट फसला की पाटच उरतो! टाकाऊ मजकूर त्यावर साचत जातो, छोटा टीएमपीएफएस भरतो, आणि आपण डिस्कला दोष देतो.

‘एलएस -एल’ द्या. पहिलं अक्षर ‘सी’ असेल तर टाक, नुसती आडवी रेघ असेल तर पाट.

टाक आहे पण उघडत नाही? निरोप नीट वाचा, इथे लोक घाई करतात. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर फाइलची परवानगी किंवा माउंटवरचा ‘नोडेव्ह’ तपासा. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असेल तर बहुधा सीग्रुपची उपकरण-यादी अडवते. तिथे ७७७ करून काही होत नाही, ती यादी यजमानाकडेच बदलायची.

कुणी सुचवेल, अधिकार देऊन सरळ डेव्हटीएमपीएफएस चढवा. नको! तो साऱ्या कर्नलमध्ये एकच असतो. कंटेनरात पुसलं की यजमानाकडेही पुसलं जातं. डेव्हपीटीएसचं तसं नाही. कर्नल ४.७ पासून त्याचा प्रत्येक माउंट स्वतंत्र असतो. तेव्हा टर्मिनल मिळत नसेल, तर /डेव्ह/पीटीएमएक्स हा दुवा पीटीएस/पीटीएमएक्सकडे जातो का, एवढं बघून घ्या.