आधारचा फोटो मागितला, म्हणजे धोका टळला?

जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव छोटं. आयुध निर्माणीतला कामगार, बाजारातला दुकानदार, महामार्गावरचा लॉजवाला, सगळ्यांची एकमेकांशी तोंडओळख. भुसावळ जंक्शन हाकेच्या अंतरावर. अशा भागात मोबाइलवर ठरवून गिऱ्हाइकाला भेटणाऱ्या बाईला, म्हणजे जाहिरातीत जिला ‘एस्कॉर्ट’ म्हणतात तिला, दोन भीती एकदम असतात. समोरचा मारहाण करणार नाही ना? आणि गावात बोभाटा होणार नाही ना? दुसरी भीती गिऱ्हाइकालाही असते, म्हणून तो खरं नाव सांगायला कचरतो. तिला सुरक्षा हवी तर त्याची गुप्तता जाणार आणि त्याची गुप्तता राखली तर ती उघड्यावर पडणार, असंच बहुतेकांना वाटतं. हे खरं नाही.

पहिला गैरसमज कायद्याचा. हा धंदा करणं हाच गुन्हा, मग सुरक्षेची भाषा कशाला, असं सर्रास बोललं जातं. १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा कुंटणखाना चालवणं, दलाली, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, उघडपणे गिऱ्हाईक बोलावणं आणि सार्वजनिक ठिकाणांजवळचा धंदा यांना शिक्षा सांगतो. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, खासगीत पैसे घेऊन संबंध ठेवणं या कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२०मध्ये हेच स्पष्ट करून सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींना मोकळं केलं.

खरी गोम याच कायद्याच्या व्याख्येत आहे. दोन बायकांनी आपापल्या फायद्यासाठी एकच खोली वापरली, तरी ती खोली ‘कुंटणखाना’ ठरू शकते. शेजारच्या खोलीत मैत्रीण असणं हा सगळ्यात साधा बचाव, आणि नेमका तोच गुन्ह्याच्या कक्षेत येतो. दाराशी थांबणारा रिक्षावाला किंवा ओळखीचा माणूस तिच्या कमाईवर जगतो, असा आरोप होऊ शकतो. म्हणून ती एकटी जाते, आणि सगळी भिस्त उरते ती भेटीआधी फोनवर केलेल्या चौकशीवर.

या चौकशीबद्दलही एक चुकीची समजूत आहे: जितके कागद मागावे तितकी खात्री. आधारकार्डाच्या फोटोवरून फार तर माणसाचं नाव कळतं, वागणं कळत नाही. शिवाय फोटोत फेरफार करणं सोपं. अनुभवी बायका वेगळ्या गोष्टी पाहतात. दिलेल्या नंबरावर उलट फोन केला तर तोच माणूस उचलतो का, ठरलेल्या अटींवर घासाघीस करताना आवाज चढतो का, दारू प्यायलेला वाटतो का, ऐन वेळी जागा बदलायला सांगतो का. आपण कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे मैत्रिणीला कळवलेलं असतं. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाचा कागद जपून ठेवावा लागत नाही. ओळखपत्र पाहायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं आधार मिळतं. ते पाहून परत करता येतं. जे साठवलंच नाही ते चोरीला जात नाही आणि धाडीत कुणाच्या हाती लागत नाही.

मग धोकादायक माणसाची खबर इतरांना द्यायची कशी? ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या सेक्स वर्करांच्या संघटनेने १९८६मध्ये मारहाण करणाऱ्या, फसवणाऱ्या गिऱ्हाइकांची यादी काढायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये २०१२पासून देशभर तसं काम चालतं. अशा याद्यांमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांची नावं नसतात. त्रास दिलेल्याचं वर्णन, गाडी, फोन नंबर आणि घडलेली घटना एवढंच असतं. नीट वागणारा माणूस त्यात येतच नाही. आपल्याकडे सांगलीत १९९६ साली उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही बायकांची स्वतःची संघटना आहे. एकमेकींच्या पाठीशी उभं राहण्याचं बळ अशा संघटनेतूनच येतं. वरणगावच्या एकट्या बाईकडे ते नाही, आणि ही उणीव कुठलंही ॲप भरून काढणार नाही.

‘पुरावा म्हणून व्हिडिओ काढून ठेवावा’ हा सल्ला तर घातकच. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचं चित्रण करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम दोघांनाही लागू आहे. जळगाव जिल्ह्याला छायाचित्रांची दहशत नवी नाही. १९९४मध्ये जळगाव-भुसावळ भागात उघडकीस आलेलं प्रकरण या धंद्याचं नव्हतं, पण फोटोंच्या धाकाने मुली-बायकांना पुन्हा पुन्हा अत्याचार सोसावे लागल्याचे आरोप त्यात होते. नाव फुटेल या भीतीने अनेकजणी तक्रारीला पुढे आल्याच नाहीत.

गिऱ्हाइकाकडून एचआयव्हीचा रिपोर्ट मागण्याचाही उपयोग कमीच. नुकती लागण झालेली असेल तर चाचणीत ती दिसायला काही आठवडे लागू शकतात. निरोधच कामाचा. शिवाय २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा अशी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. १९ मे २०२२च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की सेक्स वर्कर आरोग्य आणि सुरक्षेसाठी जी काळजी घेतात, उदाहरणार्थ निरोध वापरणं, ती गुन्हा मानू नये आणि गुन्ह्याचा पुरावाही धरू नये. त्याच आदेशात त्यांना आधार देताना क्रमांकात ओळख फुटेल असा कोणताही संकेत घालू नये, असंही म्हटलं आहे.

सगळ्यात जुना गैरसमज असा, की अशा बाईला कसली आलीय खासगी बाब! १९६५मध्ये भिवंडीतला एक पोलिस निरीक्षक रात्री गणवेशात एका बाईच्या घरी गेला आणि त्याने शरीरसुखाची मागणी केली. खात्याने त्याला बडतर्फ केलं. तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवत उच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवलं: बाईचं चारित्र्य कसंही असो, तिच्या खासगी आयुष्यात मनाला येईल तेव्हा घुसण्याचा हक्क कुणालाच नाही.

गिऱ्हाइकाची गुप्तताही हिंसेपुढे टिकत नाही. त्याने जबरदस्ती केली, तर त्याचा नंबर, गाडी, नाव पोलिसांना सांगणं हा विश्वासघात नाही. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने बलात्कारपीडितेवर तातडीने मोफत उपचार करायलाच हवेत, आणि तिचं नाव छापणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.