पाळी गेल्यानंतरचे औषध : गोळी, चकती की मलम?

चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडला, की हिराकस नुसते जमिनीत टाकून भागत नाही. ते चुन्यात अडकते, पिकाला लागत नाही. म्हणून आपण ते पाण्यात विरघळवून पानावर फवारतो. द्रव्य तेच; फक्त द्यायची वाट बदलली.

माणसाच्या अंगाचेही तसेच आहे. पाळी गेल्यावर बायकांना काही वेळा जे संप्रेरक औषध म्हणून देतात, त्याच्याही तीन-चार वाटा आहेत. कोणती वाट कोणाला योग्य, हे घरात कळलेले असावे म्हणून हा लेख. शेतीखात्याच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. खुरपणी, वेचणी, धारा ही कामे ज्या हातांनी होतात, त्या हातांची ताकद हा शेतीचाच प्रश्न आहे. तेव्हा घरच्या कर्त्या पुरुषांनीही हे वाचावे.

कमतरता कशाची?

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना दोन अंडाशये असतात. ती इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार करतात. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी पाळी जाते आणि हे संप्रेरक कमी पडू लागते. मग अंगातून एकदम वाफा येतात, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप लागत नाही, चिडचिड होते. जागा कोरडी पडून लघवीला जळजळ होते. हाडे आतून ठिसूळ होत जातात, हे मात्र वरून दिसत नाही. प्रत्येकीला औषध लागतेच असे नाही. पण त्रासाने काम आणि झोप दोन्ही बिघडली असतील, तर ते अंगावर काढण्यात शहाणपणा नाही.

आधी दोन प्रश्नांची उत्तरे

पहिला प्रश्न : पिशवी आहे की काढली? दुसरा : पिशवीबरोबर अंडाशयेही काढली का?

हे प्रश्न किती घरांचे आहेत ते पाहा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशवीच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांत एक. पाळीत खाडा नको, दंड नको, म्हणून ऐन तिशीत शस्त्रक्रिया करून घेतलेल्या बायका त्यांत होत्या.

पिशवी काढली पण अंडाशये राहिली, तर संप्रेरक तयार होत राहते. मात्र ते काही वर्षे लवकर थांबू शकते. अंडाशयेही काढली असतील, तर ते एका दिवसात थांबते. पस्तिशीच्या बाईची हाडे आणि हृदय यांचा आधार तेव्हाच जातो. अशा बाईला, दुसरी अडचण नसल्यास, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत तरी हे औषध द्यावे असे वैद्यकशास्त्र सांगते. पण गावात तिला “आता सुटलीस” एवढेच सांगितले जाते.

पिशवी नसेल तर एकटे इस्ट्रोजेन पुरते. पिशवी असेल तर त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन घ्यावेच लागते. नाहीतर पिशवीचे आतले अस्तर वाढत जाते आणि तिथे कर्करोग होण्याचा धोका असतो. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने झोप येते, म्हणून ती रात्री घेतात.

गोळी

रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी. सोपी, स्वस्त आणि मिळायलाही सोयीची. पण पोटात गेलेली गोळी आतड्यातून प्रथम यकृतात जाते. यकृत तिच्यातला बराच भाग मोडून टाकते, म्हणून मात्रा मोठी लागते. शिवाय तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. वयाने तरुण, अंगाने बेताची आणि रक्तदाब ठीक असलेल्या बाईला हा धोका अगदी कमी असतो.

चकती आणि जेल

ही पानावरच्या फवारणीसारखी वाट. औषध कातडीतून थेट रक्तात जाते, आधी यकृतात जात नाही. म्हणून मात्रा थोडी पुरते. गोळी १ किंवा २ मिलिग्रॅमची असते, तर नेहमीची चकती दिवसाला ५० मायक्रोग्रॅम सोडते, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. फ्रान्समधील ‘एस्थर’ नावाच्या अभ्यासात २००७ साली दिसले, की गोळीने गुठळीचा धोका वाढतो, कातडीवाटे दिलेल्या इस्ट्रोजेनने वाढलेला दिसत नाही. म्हणून वजन जास्त, रक्तदाब, मधुमेह किंवा अर्धशिशी असलेल्या बाईने डॉक्टरांना कातडीची वाट जरूर विचारावी.

चकती ओटीपोटावर किंवा ढुंगणावर चिकटवतात, छातीवर कधीही नाही. साधारणपणे आठवड्यातून दोनदा बदलतात. परकराची नाडी घासेल तिथे लावू नये. उन्हातान्हात राबणाऱ्या बाईची चकती घामाने सुटते, आणि ती सगळीकडे मिळतेच असे नाही.

जेल दंडावर किंवा मांडीवर लावतात. संध्याकाळी काम आटोपून, आंघोळ करून, अंग कोरडे झाल्यावर लावणे सोयीचे. त्यात अल्कोहोल असते. ते वाळेपर्यंत चुलीजवळ, गॅसजवळ जाऊ नका, विस्तव पेटवू नका. हात साबणाने धुवा. लावलेली जागा पदराखाली किंवा बाहीखाली झाका आणि तासभर लहान मुलांना तिथे बिलगू देऊ नका. औषध त्यांच्या अंगाला लागणे वाईट.

आतून लावायचे मलम

त्रास फक्त कोरडेपणाचा, लघवीच्या जळजळीचा किंवा वरचेवर होणाऱ्या लघवीच्या संसर्गाचा असेल, तर साऱ्या अंगाला औषध कशाला? बहुधा दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा मलम आतून लावतात. रक्तात फारच थोडे जाते. पण याने वाफा थांबत नाहीत आणि हाडांनाही आधार मिळत नाही.

कोणी घेऊ नये?

स्तनाचा कर्करोग झालेला आहे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाते आणि कारण कळलेले नाही, यकृताचा आजार चालू आहे, पूर्वी गुठळी, झटका किंवा लकवा झालेला आहे, अशा बायकांनी हे औषध आपल्या मनाने मुळीच सुरू करू नये. पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर आधी तपासणी, मग बाकीचे.

२००२ साली अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात दोन संप्रेरकांच्या गोळीने स्तनाचा कर्करोग थोडा वाढलेला दिसला आणि जगभर बायकांनी औषध टाकले. त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. पुढे कळले, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केले, तर निरोगी बाईला बहुधा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो.

दवाखान्यात जाताना

पिशवीच्या शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद बरोबर न्या. नसेल तर त्या दवाखान्यातून नक्कल मागून घ्या. तुमचा तो हक्क आहे. रक्तदाब, साखर आणि छाती तपासून घ्या. तंबाखू, मिसरी लावत असाल तर लाजू नका, सांगा. चालू गोळ्या दाखवा. मग विचारा : मला कोणती वाट आणि का? महिन्याचा खर्च किती? आमच्या तालुक्याला मिळेल का? मध्येच संपणाऱ्या महाग औषधापेक्षा नियमित मिळणारे साधे औषध बरे.

सुरू केल्यावर तीन महिन्यांनी दाखवा, पुढे दरवर्षी. एक पोटरी सुजून दुखली, छातीत दुखले, दम लागला, एक बाजू लुळी पडली, तर रात्र असली तरी थांबू नका, गाडी काढा.

आणि कोणी “पिशवी काढून टाका, कटकट मिटेल” म्हणाले, तर घाई करू नका. आणखी एका डॉक्टरांना दाखवा. काढायचीच ठरली, तर “अंडाशये ठेवणार का?” हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.