जुन्या झांजेचा शिक्का कसा वाचावा?

ड्रमसेटची जुनी झांज, वाजवणारे जिला सिंबल म्हणतात, ती पितळ समजून भंगारात वजनावर विकणारे आहेत. आणि तिच्यावरची अरबी वळणाची अक्षरे पाहून "ही तुर्कस्तानची" म्हणत वाढीव पैसे मोजणारेही आहेत. दोघांचेही नुकसान होते. चांगली झांज पितळेची नव्हे, काशाची असते: सुमारे ८० टक्के तांबे, २० टक्के कथील. आम्ही येथे झिल्जियान या एकाच नावाविषयी लिहीत आहोत, कारण फसगत तेथेच जास्त होते.

तुर्कीत झिल म्हणजे झांज, झिलजी म्हणजे ती घडवणारा. 'यान' हा आर्मेनियन आडनावाचा शेवट. हे आर्मेनियन घराणे आपल्या धंद्याची सुरुवात १६२३ सालची सांगते. पुढे घराण्याच्या दोन पेढ्या झाल्या. केरोप यांच्या नावाची 'के. झिल्जियान' इस्तंबूलमध्येच राहिली व १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील काम थांबले. अवेदिस यांनी १९२९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात कारखाना सुरू केला. ही 'ए. झिल्जियान'.

अमेरिकन झांजेच्या ठोकलेल्या शिक्क्यात वर उस्मानी लिपीतली ओळ, खाली कंपनीचे नाव, मग 'जेन्युइन टर्किश सिंबल्स' आणि तळाशी 'मेड इन यू.एस.ए.' असते. तुर्कस्तानने अरबी लिपी १९२८ साली सोडली, अमेरिकेतल्या कारखान्याने मात्र शिक्क्यावर ती ठेवली! तेव्हा लिपीवरून ना देश ठरतो, ना वय. उर्दू वाचणाऱ्यांनी तर विशेष सांभाळावे. ओळखीची अक्षरे दिसली की तळाची ओळ वाचायची राहून जाते.

'के' झांजेवर शहराचे नाव पाहावे. ठोकलेल्या शिक्क्यात 'कॉन्स्टँटिनोपल' असेल तर माल बहुधा जुना, 'इस्तंबूल' असेल तर त्यानंतरचा. तुर्की सरकारने १९३० साली इस्तंबूल हेच नाव वापरण्याचा आग्रह धरला, तो काळ ढोबळमानाने मधली रेघ समजावा. नुसत्या 'के' अक्षरावर मात्र भाव देऊ नये. १९८० च्या दशकापासून 'के' झांजा अमेरिकेतही बनतात, आणि जुन्या इस्तंबुली मालाला त्यांच्यापेक्षा बराच जास्त भाव येतो.

'ए' झांजेवर नावाची अक्षरे पोकळ, म्हणजे नुसत्या कडांची असतील तर ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातली मानतात. शाईने छापलेले मोठे नाव १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनचे. शाई पुसली जाते, म्हणून ती नसणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. लेझरने कोरलेला क्रमांक १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनचा.

विकण्यापूर्वी झांज पॉलिशला देऊ नये. शिक्का झिजतो, आणि जाणकार गिऱ्हाईक काळवंडलेलीच पसंत करते. घेताना काठावर चीर आहे का, मधले भोक लांबट झाले आहे का हे बघावे. शिक्का पुसट असल्यास वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासावी. बहुधा अक्षरे उमटतात.