इंजिन ‘बांधणे’ : जुन्या भागांच्या जुळणीचा विचार

परभणी, सेलू वा जिंतूर येथील गॅरेजात मिस्त्री इंजिन ‘खोलतो’ आणि पुन्हा ‘बांधतो’. ‘बांधणे’ हे क्रियापद घराला लागते, तसे मोटेलाही लागते. मोटेत नाना वस्तू केवळ एकत्र असतात. घरात त्यांना परस्परांचा आधार असतो. निरनिराळ्या गाड्यांतून काढलेल्या वापरलेल्या भागांचे इंजिन केले, तर ते घर ठरेल की मोट, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

जो भाग आपल्या जागी बसतो तो चालतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे हे जुन्या जीपच्या उदाहरणावरून पाहता येईल. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास 79.4 मिमी, पिस्टनची धाव 111.1 मिमी, आणि एकूण घनफळ सुमारे 2,200 घन सेंमी. पुढे महिंद्र कंपनीच्या जीपमधून आपल्याकडे परिचित झालेल्या ‘हरिकेन’ इंजिनाचा व्यास व धाव नेमकी हीच. तथापि पहिल्यात दोन्ही प्रकारच्या झडपा ब्लॉकमध्ये, तर दुसऱ्यात आत घेणारी झडप हेडमध्ये. माप एकच, रचना भिन्न.

याहून सूक्ष्म भेद कॅमशाफ्टचा. युद्धकालीन इंजिनात त्याला क्रँकशाफ्टपासून साखळीने गती मिळे. युद्धानंतर लवकरच साखळीच्या जागी दंतचक्रे आली. साखळीने दोन्ही शाफ्ट एकाच दिशेने फिरतात. एकमेकांत गुंतलेल्या दोन चक्रांनी ते विरुद्ध दिशांनी फिरतात. म्हणून एका प्रकारचा कॅमशाफ्ट दुसऱ्या प्रकारच्या इंजिनात मापाने बसला, तरी झडपा भलत्याच वेळी उघडतील.

तिसरी गोष्ट दाबाच्या गुणोत्तराची. वरील इंजिनात एका सिलिंडरचे घनफळ सुमारे 550 घन सेंमी होते. वरची ज्वलनाची जागा 92 घन सेंमी धरल्यास गुणोत्तर 7 येते. सिलिंडर अर्धा मिलिमीटर रुंद करून मोठा पिस्टन घातला, तर ते जेमतेम 7.1 होते. परंतु ज्वलनाची जागा 15 घन सेंमीने कमी असलेले हेड बसविल्यास तेच 8 च्या वर जाते. अशा दाबात ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटू शकते. इंजिनात ठोके येतात, आणि दुर्लक्ष झाल्यास पिस्टन निकामी होतो. मोठा दिसणारा बदल येथे निरुपद्रवी ठरतो, आणि लहान दिसणारा घातक.

भाषेच्या अभ्यासकास हे अपरिचित वाटू नये. ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत दंडाचा वाचक आहे, तर हिंदीत अध्ययनाचा. उच्चार जुळला म्हणून कार्य जुळत नाही. घटकाचे मूल्य त्याच्या व्यवस्थेतील इतर घटकांशी असलेल्या संबंधांवरून ठरते, हा सोस्यूरचा 1916 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला सिद्धान्त लोखंडालाही लागू पडतो.

यावरून कृतीचा क्रम निघतो. प्रथम ब्लॉक हा आधार ठरवावा आणि बाकीचे भाग त्याच्या अनुरोधाने निवडावेत. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली, तसेच परस्परांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मापावा. कारण झीज सर्वत्र सारखी नसते. पिस्टन एका वजनाचे असावेत. बेअरिंगची फट व ज्वलनाच्या जागेचे घनफळ प्रत्यक्ष मोजावे. अखेरीस, इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. कॅमशाफ्ट निम्म्या गतीने फिरत असल्याने तेवढ्यात सर्व झडपांचे एक आवर्तन पुरे होते, आणि पिस्टन झडपेला भिडत असल्यास ते हातालाच कळते.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने जुन्या भागांतून घडविलेली, किकने सुरू होणारी चारचाकी 2021 मध्ये सर्वत्र गाजली. अशा कसबाचे कौतुक यथार्थच होय. परंतु मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 नोंदलेल्या वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न फेरफार करण्यास, काही अपवाद सोडता, मनाई करते. त्यामागील भूमिका समजण्याजोगी आहे : कारखान्यात जुळणीची हमी निर्माता देतो, मिश्र इंजिनात ती देणारा बांधणाऱ्यावाचून दुसरा कोणी नसतो, आणि चूक झाल्यास तिची किंमत मात्र रस्त्यावरील इतरांनाही मोजावी लागते.