ट्रेक बंद, पण मॅपवर चालू! बंदीचा आदेश तुमच्या फोनपर्यंत का पोहोचत नाही?

पावसाळा लागला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. इन्स्टाग्रामवर धबधब्यांचे रील्स वाढतात आणि जिल्हाधिकारी कार्यालयांमधून पर्यटनबंदीचे आदेश निघायला लागतात. रील तुमच्या फोनवर काही सेकंदांत येतो. आदेश मात्र बहुतेक वेळा येतच नाही.

मग काय होतं? ग्रुप ठरतो, कोणीतरी लोकेशन टाकतं, मॅप म्हणतो "३ तास १० मिनिटं", आणि सगळे निघतात. पायथ्याला पोहोचल्यावर कळतं की वाट बंद आहे. चौकीवर कोणी अडवलं तर कळतं, आडवाटेने गेलात तर तेही नाही.

आपण असं धरून चालतो की मॅपवर दिसतंय म्हणजे जाता येतं. हे का चुकीचं आहे, ते आज समजून घेऊ.

२०२४ च्या पावसाळ्यात काय झालं?

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात अचानक पाणी वाढलं आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मावळ, मुळशीसह अनेक तालुक्यांतल्या धोकादायक पर्यटनस्थळांसाठी २ ते ३१ जुलैपर्यंत प्रतिबंधात्मक आदेश काढला. खोल पाण्यात उतरणं, दरीच्या कड्यावर सेल्फी आणि रील काढणं, अशा गोष्टींवर बंदी आली. हा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली होता. आपण ज्याला "१४४ लागू" म्हणायचो, त्याचाच हा नवा नंबर. नवा कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला, म्हणजे आदेशाच्या एकच दिवस आधी.

त्याच जुलैत रायगडावर जोरदार पाऊस झाला आणि पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे आले. पर्यटक मध्येच अडकले, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. त्यानंतर प्रशासनाने गड पर्यटकांसाठी काही काळ बंद ठेवला.

आता प्रश्न असा. हे आदेश निघाले तेव्हा तुमच्या मॅपमधल्या त्या पायवाटेचं काय झालं? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. ती रेघ तशीच राहिली.

मॅपला रस्ता बंद झाल्याचं कळतं कसं?

गाडीच्या रस्त्याचं उदाहरण घेऊ. नवरात्रात आमच्या कोराडीला जगदंबेच्या दर्शनासाठी गर्दी उसळते. तेव्हा गूगल मॅप्सवर मंदिराकडचा रस्ता लाल होतो. कसा? रस्त्यावरचे शेकडो फोन आपलं लोकेशन पाठवत असतात. सगळ्यांचा वेग एकदम कमी झाला की सिस्टीमला जाम कळतो. एरवी भरून वाहणाऱ्या रस्त्यावर एकही फोन हलत नसेल, तर काहीतरी गडबड आहे असा अंदाज येतो. शिवाय लोक ॲपमध्ये "रस्ता बंद" अशी तक्रार नोंदवतात, पोलिस आणि महापालिकांकडूनही काही ठिकाणी माहिती मिळते.

डोंगरातल्या पायवाटेवर यातलं काहीच चालत नाही. तिथे दिवसाला चार-दोन ग्रुप जातात, रेंज नसते, आणि मंगळवारी वाटेवर कोणीच नसेल तर ते बंदीमुळे की कामाचा दिवस म्हणून, हे मशीनला सांगता येत नाही. म्हणजे मुख्य सेन्सर, अर्थात लोकांचे फोन, तिथे आंधळा आहे.

जीपीएक्स फाइलमध्ये काय असतं?

ट्रेकर्स एकमेकांना जी "ट्रॅक फाइल" पाठवतात, ती बहुतेक वेळा जीपीएक्स असते. हा फॉरमॅट साधा आहे. एका खाली एक बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. फाइलला नाव आणि वर्णन देता येतं. पण "ही वाट सध्या चालू आहे का", "कोणत्या महिन्यांत बंद असते", "परवानगी कोणाची लागते" यासाठी फॉरमॅटमध्ये ठरलेला रकानाच नाही.

म्हणून जीपीएक्स फाइल फक्त एवढंच सांगते की अमुक दिवशी एक माणूस इथून चालत गेला. जानेवारीत त्याने जो कोरडा ओढा दोन उड्यांत ओलांडला, तो जुलैत कमरेएवढा असू शकतो. फाइलमध्ये दोन्ही वेळी रेघ तीच!

इथे एक कामाची गोष्ट आहे. वेळ नोंदवलेली असते. विकिलॉक, स्ट्राव्हासारख्या ॲपमध्ये ट्रॅक कधी रेकॉर्ड झाला ते दिसतं. डाउनलोड करण्याआधी महिना बघा. पावसाळ्यात जायचंय आणि ट्रॅक फेब्रुवारीचा आहे, तर तो तुमच्या उपयोगाचा जवळपास नाहीच.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये सोय आहे, पण...

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे नकाशांचा विकिपीडिया, २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला. ऑरगॅनिक मॅप्स, ओएसएमअँड अशी बरीच ट्रेकिंग ॲप्स याचाच डेटा वापरतात. यात प्रत्येक वाटेला टॅग लावता येतो. "अ‍ॅक्सेस = नो" लिहिलं की वाट प्रवेशासाठी बंद. तारखांची अटही घालता येते.

दरवर्षीच्या ठरलेल्या बंदीसाठी हे छान आहे. ताडोबा, पेंचचं कोअर पर्यटन पावसाळ्यात बंद असतं हे आपल्या विदर्भातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. असं वेळापत्रक नकाशात बसवता येतं.

पण महिन्याभराच्या तातडीच्या बंदीसाठी ओपनस्ट्रीटमॅपची मंडळी स्वतःच सांगतात की असे तात्पुरते बदल टाकू नका. कारण पटण्यासारखं आहे. लोक नकाशा डाउनलोड करून महिनोन्‌महिने तोच वापरतात. जुलैत "बंद" म्हणून उतरवलेला नकाशा डिसेंबरमध्येही "बंद"च दाखवेल. आणि जूनमध्ये उतरवलेला नकाशा जुलैतही "चालू" दाखवेल. ऑफलाइन मॅप म्हणजे डाउनलोडच्या दिवशीचा फोटो, हे लक्षात ठेवा.

आणखी एक गंमत. सॅटेलाइट व्ह्यू लावून कोराडीचं औष्णिक वीज केंद्र बघा. आतले रस्ते स्पष्ट दिसतात. म्हणून कोणी गेटमधून सरळ आत जातो का? रस्ता असणं आणि जायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या गेटवर आपल्याला हे पटकन समजतं. डोंगरात मात्र गेट दिसत नाही, म्हणून आपण विसरतो.

कोलोरॅडोतला एक डोंगर

हाच मुद्दा समजायला अमेरिकेतलं एक उदाहरण फार उपयोगी आहे. कोलोरॅडो राज्यात ब्लूबर्ड बॅककंट्री नावाचं स्की एरिया २०२० मध्ये सुरू झालं. स्कीइंग म्हणजे बर्फावरून घसरत उतरणं, आणि बाकी बहुतेक ठिकाणी वर जायला लिफ्ट असते. इथे लिफ्टच नव्हती. स्कीच्या तळाला पकड देणाऱ्या पट्ट्या चिकटवायच्या आणि स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा. म्हणजे आपल्या ट्रेकसारखंच, फक्त बर्फात.

मग लोक पैसे कशाचे द्यायचे? बर्फाचे कडे कोसळण्याचा धोका तपासणाऱ्या माणसांचे. तिथलं पथक उतार तपासायचं, आज कोणता भाग चालू आणि कोणता बंद हे ठरवायचं, आणि कोणी अडकलं तर मदतीला जायचं. २०२३ मध्ये आर्थिक गणित जमेना म्हणून ते बंद झालं.

आता विचार करा. डोंगर तिथेच आहे, बर्फ दरवर्षी पडतो, आणि लोकांनी रेकॉर्ड केलेले जुने ट्रॅक इंटरनेटवरून आपोआप पुसले जात नाहीत. गेली ती फक्त रोज सकाळी "आज इथे जाऊ नका" असं सांगणारी माणसं. ट्रॅक बघणाऱ्याला मात्र हा फरक दिसत नाही. त्याच्या स्क्रीनवर २०२२ ची रेघ आणि आजची रेघ सारखीच.

सह्याद्रीत बर्फ नाही, पण गणित हेच आहे. वाट सुरक्षित आहे की नाही हे रेघ ठरवत नाही, त्या आठवड्याची परिस्थिती बघणारा माणूस ठरवतो. गावातला वाटाड्या, वनरक्षक, तहसीलदार, कोणीही असो.

अडचण कुठे आहे?

आपल्याकडचा आदेश साधारण असा फिरतो: सहीचा कागद, त्याचा स्कॅन, त्याची पीडीएफ, मग बातमी, मग व्हॉट्सॲप. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे कॉम्प्युटरसाठी नुसतं चित्र. कोणतंही ॲप त्यातून "कुठे, कधीपासून, कधीपर्यंत" हे सरळ उचलू शकत नाही. त्यात ठिकाणांची फक्त नावं असतात, नकाशावरची हद्द नसते. शिवाय किल्ला पुरातत्त्व विभागाचा, जंगल वनखात्याचं, धरण पाटबंधारे खात्याचं, त्यामुळे माहिती चार ठिकाणी विखुरलेली.

तंत्रज्ञान नाही असं मात्र नाही. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसचा खुला एपीआय आहे. त्यात सूचनांचे ठरलेले प्रकार आहेत आणि "पार्क बंद" हा त्यातला एक. कोणतंही ॲप ते वाचून वापरकर्त्याला दाखवू शकतं.

भारतातही पाइप टाकलेला आहे. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम जोरात वाजले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची "सचेत" यंत्रणा सीएपी नावाच्या आंतरराष्ट्रीय फॉरमॅटवर चालते. सीएपी संदेशात धोक्याचा प्रकार, नकाशावरची हद्द, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, हे सगळे रकाने असतात. म्हणजे पर्यटनबंदीच्या आदेशाला जे लागतं तेच! प्रत्येक आदेश पीडीएफसोबत अशा फॉरमॅटमध्येही निघाला, तर मॅप ॲप्सना तो वाचता येईल.

तोपर्यंत आपण काय करायचं?

१. निघायच्या आदल्या दिवशी ठिकाणाचं नाव आणि "बंदी आदेश" असं मराठीत सर्च करा. स्थानिक बातम्या इंग्रजीत उशिरा येतात.

२. त्या जिल्ह्याची सरकारी वेबसाइट आणि जिल्हाधिकारी, पोलिस, वनविभाग यांची सोशल मीडिया खाती बघा. आदेशाची तारीख वाचा, गेल्या वर्षीचा आदेश फॉरवर्ड होऊन फिरत असतो.

३. पायथ्याच्या गावात फोन करा. जेवणाची, राहण्याची सोय करणाऱ्यांचे नंबर मॅपवरच मिळतात. "वाट चालू आहे का, ओढ्याला पाणी किती?" एवढं विचारलं तरी पुरे.

४. सचेत ॲप आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमने बनवलेलं दामिनी ॲप ठेवा. मात्र दोन्ही हवामानाचा धोका सांगतात. अलर्ट नाही म्हणजे वाट चालू आहे, असा अर्थ काढू नका.

५. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण फोन फक्त उपग्रहांचा सिग्नल ऐकत असतो. पण ११२ लावायला कोणतं तरी नेटवर्क लागतंच. घरी कोणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा.

६. बंद वाटेने गेलेला ट्रॅक अपलोड करू नका. चौकी चुकवून काढलेली आडवाट एकदा ॲपवर गेली की पुढच्या माणसाला ती साधी वाट म्हणूनच दिसते. तुमचा ग्रुप नशिबाने परत आला असेल, पण त्या रेघेवर "नशीब" असा टॅग लागत नाही.

मॅप ॲप तुम्हाला कुठून जायचं ते नीट सांगतं. जायचं की नाही, हे मात्र आज तरी माणसालाच विचारावं लागतं. एक फोन कॉल, दोन मिनिटं. निघायच्या आधी तेवढं कराच.