वाढत्या वयाचे शहर (भाग ६) : कोल्हापूरची बोर्डिंगे आणि तालमी

खेड्यातले पोर शिकायला शहरात येते, तेव्हा त्याला सर्वांत आधी पुस्तक लागत नाही, पाठ टेकायला जागा लागते. त्यानंतर दोन वेळचे जेवण, आणि त्याला नावाने ओळखणारे एखादे मोठे माणूस. या तीन गोष्टी जमल्या नाहीत तर बुद्धी असूनही ते पोर वर्षभरात गावाकडे परतते. तरुणांना शहर काय देते, याचा शोध घेताना आज आपण कोल्हापुरात आलो आहोत, कारण या तिन्ही गोष्टींचा विचार इथे सव्वाशे वर्षांपूर्वी झाला, आणि त्या विचारातून उभ्या राहिलेल्या संस्था आजही मुलांच्या वापरात आहेत.

सुरुवात मात्र अपयशाने झाली होती. 1896 मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. नियमात कोणालाही मज्जाव नव्हता. तरीही काही वर्षांतच तिथे फक्त ब्राह्मण मुले उरली. शाहू महाराजांनी यातून जो बोध घेतला, तो आजच्या योजनाकारांनीही घ्यावा असा आहे. दारावर ‘सर्वांसाठी’ असे लिहून दार सर्वांसाठी उघडत नाही. आत कारभार कोणाचा, पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, नव्या पोराला पहिल्या रात्री कोण विचारते, यावर ते ठरते.

म्हणून महाराजांनी वाट बदलली. 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, पुढच्या वर्षांत लिंगायत समाजाचे, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि मग शिंपी, सारस्वत, पांचाळ, ख्रिस्ती अशी एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहत गेली. आजही दसरा चौकात उभे राहिले की यातल्या कित्येकांच्या इमारती हाकेच्या अंतरावर दिसतात.

हे चालायचे कसे, ते नीट पाहिले पाहिजे. दरबार जागा द्यायचा, इमारतीला मदत करायचा, वार्षिक अनुदान लावून द्यायचा. कारभार मात्र त्या त्या समाजाच्या पंचमंडळींकडे. वर्गणी त्यांनीच गोळा करायची आणि मुलांवर लक्षही त्यांनीच ठेवायचे. नुसते सरकारी असते तर ही बोर्डिंगे राजा बदलल्यावर बंद पडली असती, आणि नुसती वर्गणीवर असती तर पहिल्याच दुष्काळात. दोन्ही टेकू होते म्हणून संस्थान विलीन झाल्यावरही त्यांचा कारभार चालू राहिला. याच महाराजांनी 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या जागांवर बसायला शिकलेली मुले लागणार होती, आणि ती बोर्डिंगांतूनच येणार होती. दोन्ही निर्णय एकत्र वाचल्याशिवाय कोणताच पुरता कळत नाही.

जातवार बोर्डिंगांनी जात पक्की झाली नाही का, हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका विद्यार्थ्याने स्वतःच्या आयुष्याने दिले. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि 1924 मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले त्यात सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. त्याला नाव शाहू महाराजांचेच दिले. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र तिथे रुजले, आणि शिवाजी विद्यापीठात आजही गरजू मुले-मुली याच नावाच्या योजनेत काही तास काम करून शिकतात. कोल्हापूरच्या बोर्डिंगाने एका मुलाला बाहेर काढले आणि त्या मुलाने महाराष्ट्रभर दारे उघडली. बोर्डिंगांचा इतिहास सांगताना हे पान गाळू नये असे मला मनापासून वाटते.

आता तालमींकडे. बोर्डिंग बाहेरगावच्या मुलाचे, तर तालीम पेठेतल्या मुलाची, अशी ढोबळ वाटणी असली तरी ती पुरी खरी नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत खेड्यापाड्यांतून आलेले पैलवान मुक्कामालाच असतात. पहाटे उठून जोर-बैठका, हौद्यातली तांबडी माती उकरून मऊ करणे, मग लढती, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा मेहनत. स्वयंपाक आपला आपण, आळीपाळीने. थंडाईचे बदाम घोटायचेही तसेच. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध मिळते, ती सोय या खुराकाच्या गरजेतूनच आली. या सगळ्यावर नजर वस्तादांची. पोर रात्री कुठे गेले, कोणाबरोबर दिसले, खुराकाचे पैसे घरून आले की नाही, हे वस्तादांना माहीत असते. आज आपण ‘मार्गदर्शक’ नेमण्यासाठी योजना आखतो. इथे ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. 1912 मध्ये पुरे झालेले खासबाग कुस्ती मैदान हा या सगळ्याचा कळस, पण कळसाखालचे बांधकाम पेठापेठांत आहे.

तालमीने केवळ पैलवान घडवले नाहीत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तालमींची, आणि तीच फुटबॉल संघांचीही. हंगामात शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. या फुटबॉलवेड्या शहरातून निघालेला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मधला टप्पा त्याने राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गाठला, हेही लक्षात घ्यावे. पेठ आवड लावते, पण पुढच्या पायरीला शिस्तशीर प्रशिक्षण आणि पैसा लागतो.

पैशाची गोष्ट निघाली की पैलवान खाशाबा जाधवांची आठवण येते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक असे आले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो. प्राचार्यांना घर गहाण ठेवावे लागले, याचा अर्थ ती व्यवस्था अपुरी होती, हे कोणी म्हणत नाही.

आणि मुली? तेजस्विनी सावंत ही कोल्हापूरची मुलगी 2010 मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली. कुस्तीतही या भागातल्या मुली पुढे आल्या आहेत. पण पेठेतली तालीम ही अजून प्रामुख्याने मुलग्यांची जागा आहे. संध्याकाळी सातनंतर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने घराबाहेर कुठे बसावे, असे विचारले तर उत्तर पटकन सुचत नाही. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून शहरात आहे. अशी वाचनालये आणि अभ्यासिका तिला उपयोगी पडतात, पण त्या घरापासून किती लांब आणि परतीच्या वाटेवर दिवे आहेत का, यावर तिचे जाणे ठरते. 1896 च्या वसतिगृहासारखेच हे आहे. मज्जाव कोणी करत नाही, पण आत ती दिसत नाही.

यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यांतले दोन वर्ग मुलींच्या अभ्यासासाठी आणि एक मैदान त्यांच्या खेळासाठी रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे, वीज आणि शिपाई पालिकेने द्यावा, आणि देखरेख त्या भागातल्या महिलांच्या मंडळाने करावी. जागा आणि अनुदान सरकारचे, कारभार वस्तीचा, हीच बोर्डिंगांची रीत. पेठेतल्या तालमींनी आपल्या वर्गणीतला वाटा यात घातला तर काम आणखी सोपे होईल.

पालकांना एक व्यावहारिक सूचना. दहावी-बारावीनंतर मुलाला शहरात ठेवायचे असेल तर निकालाची वाट न पाहता बोर्डिंगांत चौकशी करा. आता प्रवेशाला जातीची अट आहे की नाही, हेही तिथेच विचारून घ्या. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आणि इतर पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, कारण जूनमध्ये त्यासाठी मोठ्या रांगा लागतात.

पुढील भागात सोलापूरला जाऊ, गिरणगावातल्या कामगार कुटुंबांच्या मुलांमागे कोण उभे राहिले, ते पाहायला.