तडा जातो तो लहान जोडणीला

‘पाइप एवढा जाड आहे, त्याला काय होतंय?’ हे गॅस प्लांटमध्ये हमखास ऐकू येतं. मुख्य पाइपला सहसा काही होतही नाही. तडा जातो तो त्याला वेल्ड केलेल्या दोन इंच किंवा त्याहून लहान जोडणीला: ड्रेन, व्हेंट, प्रेशर गेजची नळी. आखूड नळीच्या टोकाला जड व्हॉल्व्ह लटकलेला असतो. पाइप हलला की व्हॉल्व्ह झुलतो आणि ताण वेल्डच्या कडेला येतो. सेकंदाला 20 हेलकावे धरले तरी दिवसाचे 17 लाखांवर जातात. ताण दुप्पट झाला, तर वेल्डचं आयुष्य ढोबळमानाने आठवा हिस्सा उरतं.

‘हायड्रोटेस्ट झालीय, जाडीही मोजलीय.’ हायड्रोटेस्टमधून दाब सोसण्याची ताकद कळते, जाडी मोजून गंज कळतो. उद्याच्या कंपनाबद्दल दोन्हींतून काहीच कळत नाही.

‘इतकी वर्षं चाललंय की!’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो, कारण प्लांट तोच राहिला तरी तो चालवण्याची पद्धत बदलते. घनता तीच ठेवून प्रवाहाचा वेग 20 टक्के वाढवला, तर प्रवाहाचा जोर 44 टक्के वाढतो. स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथ रिफायनरीत 10 जून 2000 रोजी एक टी-जोड थकव्याने तुटला आणि बाहेर पडलेल्या हायड्रोकार्बनच्या ढगाने पेट घेतला. तो जोड मुळातच चुकीचा बसवलेला होता, पाइपला पुरेसा आधार नव्हता आणि वर इन्सुलेशन असल्याने काही दिसत नव्हतं. युनिट पुन्हापुन्हा सुरू करण्याचं प्रमाण वाढलं, त्या ताणाची त्यात भर पडली.

ब्रिटनच्या एनर्जी इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेनुसार पाइपला ‘लाइकलीहूड ऑफ फेल्युअर’चा आकडा देतात. 0.8 म्हणजे तुटण्याची 80 टक्के शक्यता, असा अर्थ काढू नये. हा आकडा फक्त आधी कुठे लक्ष द्यायचं ते सांगतो. मुख्य पाइपला 1 किंवा जास्त आला, तर रचना किंवा आधार बदलावा लागतो, नाहीतर सविस्तर विश्लेषण करावं लागतं. लहान जोडणीचा आकडा वेगळा काढतात. त्यासाठी फिटिंगचा प्रकार, नळीची लांबी, व्हॉल्व्ह किती आणि केवढे, जोडणी मुख्य पाइपवर नेमकी कुठे आहे, हे सगळं जागेवर जाऊनच बघायला हवं.

आणि ‘हलतंय? शेजारच्या खांबाला क्लॅम्प करा’ हा उपाय तर नकोच. पाइप गरम होऊन सरकतो, खांब जागचा हलत नाही, आणि ओढाताण पुन्हा वेल्डवरच येते. ब्रेस मुख्य पाइपलाच घ्यावा, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी, म्हणजे पाइप आणि व्हॉल्व्ह एकत्र हलतात. त्याआधी तो व्हॉल्व्ह खरंच लागतो का, हे ऑपरेटरला विचारावं.